रत्नाचे पैलू आणि मनाचें स्वास्थ्य

मनाला स्वस्थता नाहीं ही मनुष्याची तक्रार आजकालची नव्हे. ज्या काळीं आगगाडी नव्हती, तारायंत्र नव्हतें, आणि खिशांत घालून हिंडावयाचा दूरध्वनि तर कोणाच्या स्वप्नांतही नव्हता, त्या काळीं अर्जुनासारख्या वीरास सुद्धां शत्रूंपेक्षां स्वतःचें मनच अधिक अनावर वाटलें होतें. तेव्हां हल्लींच्या धकाधकीनें मन चंचल झालें असें म्हणण्यापेक्षां, मुळांतच चंचल असलेल्या मनास हल्लीं भटकण्याचीं साधनें पुष्कळ मिळालीं, असें म्हणणें अधिक सयुक्तिक होईल. रोग जुना म्हणून औषधेंही बहुतेक जुनींच आहेत. कोणी प्राणायाम करतो, कोणी गड चढतो, कोणी बागेंत माती उकरतो, कोणी सतारीच्या तारा जुळवीत बसतो. या यादींत अलीकडे एका हस्तकलेची भर पडली आहे, आणि तिच्या निमित्तानें प्रस्तुत लेखांत एका नैतिक प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती कला म्हणजे घरच्या घरीं रत्नांस पैलू पाडण्याची.

रत्नें घासणें हा शतकानुशतकें पोटाचा धंदा होता. तो मोठ्या प्रमाणावर छंद झाला तो मुख्यतः अमेरिकेंत, आणि तोही विसाव्या शतकांत. दुसरें महायुद्ध संपल्यावर तेथील मध्यम वर्गाच्या हातीं थोडी फुरसत, थोडा पैसा, आणि घराखालचें तळघर किंवा मोटार ठेवण्याची खोली, अशा तीन गोष्टी एकदम आल्या. 1947 सालीं 'लॅपिडरी जर्नल' हें या विषयास वाहिलेलें नियतकालिक निघालें. त्याच वर्षीं निरनिराळ्या खनिजप्रेमी मंडळांचा एक अखिल-अमेरिकन संघ स्थापन झाला. आणि 1955 सालीं जॉन सिंकंकस या आरमारी अधिकाऱ्यानें हौशी लोकांस उपयोगी पडेल असें रत्नें कापण्यावरील पुस्तक प्रसिद्ध केलें. हे हौशी लोक पोटासाठीं खडे घाशीत नाहींत, आणि घासलेले खडे बहुधा विकीतही नाहींत. मग कशासाठीं घासतां, असें त्यांस विचारलें तर पुष्कळांचें उत्तर एकच येतें: चाकापाशीं बसलें कीं मन निवतें. आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनीं आपल्या घराच्या मागल्या पडवींत असें यंत्र मांडलें आहे. जपाला बसलें तर माळ हातांत राहते आणि मन बाजारांत जातें. पण खडा हातांत असला म्हणजे मन खड्यावरच राहतें, असें ते सांगतात.

या सांगण्यावर अविश्वास दाखविण्याचें कारण नाहीं. परंतु स्वास्थ्य मिळालें एवढ्यानें प्रश्न संपत नाहीं. खरा प्रश्न तेथून सुरू होतो. अफूनेंही स्वास्थ्य मिळतें. शेजारचें घर जळत असतां आपलें दार लावून निजणारासही तें मिळतें. तेव्हां हें चाकापाशींचें स्वास्थ्य कोणत्या जातीचें? तें मनुष्यास अधिक चांगला करतें, कीं केवळ अधिक सुखी करतें? संसाराच्या आणि समाजाच्या कटकटींकडे पाठ फिरविण्याचा तो एक सभ्य मार्ग तर नव्हे? हा प्रश्न एका छंदापुरता नाहीं. ज्यांस दिवसाकाठीं तास-दोन तास स्वतःचे म्हणून मिळतात अशा आम्हां सर्व सुशिक्षित लोकांचा तो प्रश्न आहे.

प्रथम हें काम असतें तरी कसें तें पाहूं. खाणींतून आलेला ओबडधोबड खडा आधीं उजेडासमोर धरून न्याहाळावा लागतो. आंत भेग कोठें आहे, रंग कोणत्या बाजूस दाट आहे, कोणत्या अंगानें कापला असतां कमी वाया जाईल, हें ठरल्याशिवाय चाकास हात लावतां येत नाहीं. मग तो लाखेनें किंवा तशाच मेणानें एका काठीच्या टोंकास पक्का बसवितात. ती काठी यंत्राच्या दांड्यांत अडकविली म्हणजे दोन गोष्टी ठरवितां येतात: पैलूचा उतार किती अंशांचा, हें कोनमापकावर, आणि खडा स्वतःभोवतीं किती फिरवावयाचा, हें दांत्यांच्या चाकावर. या चाकास पुष्कळदां 96 दांते असतात. खालीं हिऱ्याची बारीक पूड बसविलेली धातूची सपाट तबकडी फिरत असते आणि तिच्यावर थेंब थेंब पाणी पडत असतें. खडा तबकडीस हलकेच टेकवावयाचा, क्षणभरानें उचलावयाचा, पुसावयाचा, भिंगांतून पाहावयाचा, आणि पुन्हां टेकवावयाचा. एका पैलूचें झालें कीं दांते मोजून दुसरा. जाड पुडीच्या तबकडीवरून बारीक पुडीच्या तबकडीवर, आणि शेवटीं झिलईच्या तबकडीवर, असा प्रत्येक पैलू तीन-चार वेळां तरी घासावा लागतो. हिऱ्यास जो रूढ गोल घाट देतात त्यांत 57 पैलू असतात. स्फटिकास त्याच धर्तीचा घाट द्यावयाचा तर खडा किती वेळां खालीं टेकवावा आणि वर उचलावा लागेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

उताराचा अंशही मनास येईल तो घेऊन चालत नाहीं. प्रत्येक जातीच्या रत्नांत प्रकाश किती वळतो हें ठरलेलें आहे, आणि त्यावरून एक मर्यादाकोन निघतो. स्फटिकाचा हा कोन सुमारे 40½ अंश आहे. तळाचे पैलू त्याहून किंचित् अधिक उताराचे, म्हणजे 42 ते 43 अंशांचे, ठेवले तर वरून आंत गेलेला प्रकाश आंतल्या आंत परतून पाहणाराच्या डोळ्यांत येतो. तेच पैलू दोन-चार अंशांनीं अधिक सपाट झाले तर प्रकाश तळांतून निसटून जातो, आणि खडा मधोमध कांचेच्या तुकड्यासारखा निस्तेज दिसतो. माणिक व नीलम यांचा मर्यादाकोन सुमारे 34½ अंश, हिऱ्याचा सुमारे 24½. हिऱ्याच्या धंद्यांतील घराण्यांत जन्मलेल्या मार्सेल टोल्कोव्स्की यानें 1919 सालीं हिऱ्यास कोणते कोन द्यावे याचें गणित ग्रंथरूपानें मांडलें. तोंवर जें कारागिराच्या डोळ्यांत होतें तें त्यानें कागदावर आणिलें. तात्पर्य, येथें मनुष्याची मर्जी चालत नाहीं. दगडाचा स्वभाव ओळखून त्याप्रमाणें वागावें लागतें.

आतां या कामानें मन कां निवतें? आमच्या मतें याचीं कारणें तीन आहेत. पहिलें, हें काम मनास पुरेल इतकें अवघड आहे, पण न झेपण्याइतकें अवघड नाहीं. काम फार सोपें असलें तर मन कंटाळून इतरत्र जातें. फार कठीण असलें तर भिऊन जातें. मिहाय चिक्सेंटमिहायी या हंगेरियन वंशाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें 1990 सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत तल्लीनतेचें जें विवेचन केलें आहे, त्याचा एक मुख्य मुद्दा हाच, कीं आव्हान आणि कौशल्य यांचा तोल जमला म्हणजे मनुष्य कामांत बुडून जातो. दुसरें कारण, दगडापुढें बतावणी चालत नाहीं. फ्रीड्रिख मोस यानें 1812 सालीं खनिजांच्या कठिणपणाची जी चढती पायरी लाविली, तींत स्फटिक सातव्या पायरीवर येतो. तो चाकूनेंही ओरखडत नाहीं. असा पदार्थ कोणाच्या हुद्द्याकडे पाहून मऊ होत नाहीं, किंवा कोणाच्या गरिबीकडे पाहून अधिक कठीण होत नाहीं. दिवसभर माणसांच्या मर्जी सांभाळून शिणलेल्या मनास हा निःपक्षपातीपणा विसाव्यासारखा वाटतो. तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें कारण हें, कीं येथें मन स्वतःकडे पाहत नाहीं. चित्त एका ठिकाणीं बांधून ठेवणें यास योगशास्त्रांत धारणा म्हटलें आहे. परंतु 'मी शांत झालों काय?' असें क्षणोक्षणीं स्वतःस विचारणारा मनुष्य चित्त दुसरीकडे कोठेंही बांधीत नाहीं, स्वतःलाच बांधून घेतो. झोंप येण्यासाठीं धडपडणारास झोंप येत नाहीं, तशीच शांतीची गोष्ट आहे. खडा घासणारा शांतीच्या मागें लागलेला नसतो. तो तीन कडा एका बिंदूंत मिळविण्याच्या मागें असतो, आणि शांति त्याच्या मागून येते.

याखेरीज या कलेंत त्यागाचाही एक धडा आहे. कच्च्या खड्याचा निम्म्याहून बराच अधिक भाग पाण्याबरोबर गाळ होऊन जातो, आणि तो गेल्यावांचून उरलेला चमकत नाहीं. याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोहिनुराचें. पंजाब खालसा झाल्यावर विलायतेस गेलेला हा हिरा 1851 सालीं लंडनच्या प्रदर्शनांत मांडला, तेव्हां तो पाहण्यास आलेल्या पुष्कळ लोकांची निराशा झाली. कारण हिंदुस्थानांतील जुन्या कारागिरांनीं त्यांतील वजन राखलें होतें, चकाकी राखली नव्हती. पुढें 1852 सालीं डच कारागिरांकडून तो पुन्हां घासविण्यांत आला. सुमारे 38 दिवस काम चाललें, आणि आजच्या मापानें सुमारे 191 कॅरटांचा हिरा 105.6 कॅरटांवर आला. चमक वाढली, वजन गेलें. यांत कोणी चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. वजन राखणारा कारागीर निसर्गानें दिलेलें मोठेपण राखीत होता. चमक आणणारा प्रकाशाच्या सोयीनें चालत होता. परंतु दोघांसही काय सोडावयाचें हें आधीं ठरवावें लागलें. घरीं बसून दोन मासे वजनाचा स्फटिक घासणारा मनुष्यही हाच निर्णय लहान प्रमाणावर करीत असतो, आणि सोडण्याची संवय लहान वस्तूंवरच लागते.

येथपर्यंत या छंदाची बाजू भक्कम दिसते. आतां विरुद्ध बाजू ऐकूं. इंग्रज ग्रंथकार जॉन रस्किन यानें 1853 सालीं, व्हेनिस शहराच्या शिल्पावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडांत, रत्नें कापण्याच्या धंद्यावर नांव घेऊन टीका केली आहे. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, कीं या कामांत थोडी हातचलाखी आणि थोडी पारख लागत असली तरी मनुष्याचें सगळें मन कांहीं त्यांत गुंतत नाहीं. म्हणून केवळ किंमतीकरितां पैलूदार रत्नें अंगावर घालणारा मनुष्य हा गुलामांकडून काम करून घेणाराच होय. हा आरोप कठोर आहे, पण तो टाकून देण्याजोगा नाहीं. ज्या कामांत हौशी मनुष्यास मनाचा विसावा मिळतो, त्याच कामांत रस्किनला मनाची कैद दिसली. दोघांपैकीं खोटें कोण बोलतो?

आमच्या मतें दोघेही खरें बोलतात, आणि त्याची साक्ष पाहण्यास विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. गुजरातेंत खंबायत येथें अकीक घासण्याचा धंदा कित्येक शतकें चालत आला आहे. जवळच्याच लोथल येथें सिंधुसंस्कृतीच्या काळचा मणी करण्याचा कारखानाही उत्खननांत सांपडला आहे. हा अकीक रतनपूरच्या बाजूच्या ज्या खाणींतून येतो, त्या खाणींतले गोटे मूळचे दख्खनच्या काळ्या कातळांतले. म्हणजे सह्याद्रीचे आणि आमच्या घाटांतल्या दगडांचे ते भाऊबंदच होत. खंबायतचें पुष्कळ काम कारखान्यांत नव्हे, घरोघर चालत आलें आहे. म्हणजे तेंही 'घरगुती' कामच. परंतु तेथें विजेच्या कुरुंदी चाकावर अकीक कोरडाच घासला जातो, आणि अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. तिची डोळ्यांस न दिसणारी धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन बसते, आणि फुप्फुस हळूहळू घट्ट होत जातें. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाहीं. तो झालेल्यास क्षयही लवकर गांठतो, आणि पुष्कळदां त्यालाच क्षय समजून भलतेच उपचार होत राहतात. धूळ घासणाराच्या अंगणांतच थांबत नसल्यामुळें, ज्यांनीं कधीं चाकास हात लाविला नाहीं अशा घरच्या व शेजारच्या माणसांसही तिची बाधा होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेनें या कारागिरांची पाहणी केलेली आहे, आणि रोग कशानें होतो व कशानें टळतो याविषयीं आतां संशय उरलेला नाहीं. जर्मनींत ईडार-ओबरश्टाइन येथेंही हीच कथा होती. तेथील जुने कारागीर पाणचक्कीवर फिरणाऱ्या प्रचंड दगडी चाकांपुढें पोटावर पालथे पडून अकीक घाशीत, आणि छातीच्या विकारांनीं अकालीं मरत.

आतां पुण्याच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या हौशी मनुष्याचें चाक आणि खंबायतच्या कारागिराचें चाक यांत अंतर तें काय? दगड तोच, कठिणपणा तोच, हाताची हालचालही बहुतेक तीच. लक्ष द्यावें लागतें तें खंबायतच्या मनुष्यास उलट अधिक, कारण त्याचा खडा बिघडला तर मजुरी बुडते. केवळ एकाग्रतेनें शांति मिळत असती तर ती त्यास आधीं मिळावयास पाहिजे होती. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, कीं शांति दगडांत नाहीं, चाकांत नाहीं, आणि निव्वळ एकाग्रतेंतही नाहीं. हौशी मनुष्यास वाटेल तेव्हां उठतां येतें. एक खडा करण्यास महिना लागला तर कोणी त्यास विचारीत नाहीं. कोणता घाट द्यावा हें तोच ठरवितो, आणि खडा पुरा झाला म्हणजे तो त्याच्याच हातांत राहतो. आणि तबकडीवर थेंब थेंब पडणारें तें पाणी! त्या पाण्यानें धूळ उडूं न देतां गाळ करून खालीं नेली नसती, तर त्याचीही शांति फार वर्षें टिकली नसती. म्हणजे ज्या स्वास्थ्याचें श्रेय आम्ही आमच्या मनोनिग्रहास देतों, त्याचा मोठा हिस्सा आमच्या परिस्थितीच्या पदरीं टाकावा लागेल. हें ओळखणें हा या प्रश्नांतील पहिला नीतिधर्म होय. जो आपल्या सुस्थितीस आपली साधना समजतो, तो अशांत मनुष्यास दुर्गुणी समजूं लागण्यास वेळ लागत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून नाजूक आहे. तल्लीनता हा स्वतः सद्गुण आहे काय? तिजोरी फोडणाराही एकाग्र असतो. शिकाऱ्याची समाधि तर प्रसिद्धच आहे. पण दुर्जनांचीं उदाहरणें सोडून सज्जनांचींच घेऊं. रोमन सैन्यानें सिराक्यूज घेतलें तेव्हां आर्किमिडीज वाळूंतल्या आकृतींत इतका गढून गेला होता, कीं समोर आलेल्या शिपायाची तरवार त्यास दिसली नाहीं, अशी कथा आहे. आमच्या संतचरित्रांत गोरा कुंभाराची कथा तर याहून भयंकर आहे. विठ्ठलाच्या नामांत रंगून चिखल तुडवितांना पायाखालीं आपलें रांगतें मूल आलें हें त्या पुण्यपुरुषास कळलें नाहीं. परंपरेनें ही कथा भक्तीच्या गौरवासाठीं सांगितली, आणि शेवटीं देवानें मूल परत दिलें. परंतु ती ऐकतांना प्रत्येकाच्या अंगावर जो कांटा येतो, तो खोटा नव्हे. कथा जतन करणाऱ्या लोकांसही ठाऊक होतें, कीं तल्लीनतेची किंमत कधीं कधीं जवळच उभ्या असलेल्या, बोलतां न येणाऱ्या माणसास द्यावी लागते. आणि मूल परत देणारा देव प्रत्येक घरीं येतोच असें नाहीं.

हें उदाहरण फार दूरचें वाटत असल्यास घरांतलेंच घेऊं. चाक मांडण्यास एक खोली लागते, आणि त्या खोलीचें दार बंद असावें लागतें. ती खोली घरांतील कोणाची? दार बंद असतां दूध आलें तर तें कोण घेतें, मुलाचा अभ्यास कोण पाहतें, आजारी सासूच्या औषधाची वेळ कोण लक्षांत ठेवतें? आमच्या घरांतून एकाग्रतेचीं कामें कमी नव्हतीं आणि नाहींत. तांदूळ निवडणें, वाती वळणें, रांगोळीचे ठिपके चुकूं न देणें, यांत जी डोळ्यांची आणि बोटांची एकतानता लागते ती पैलू पाडण्याहून कांहीं हलकी नव्हे. परंतु तीस कोणी ध्यान म्हटलें नाहीं, तिच्यासाठीं कोणी खोली दिली नाहीं, आणि ती चालू असतां कोणी हांक मारली नाहीं असाही दिवस गेला नाहीं. तेव्हां गृहस्थानें आपल्या शांतीविषयीं बोलण्यापूर्वीं एवढें पाहावें, कीं तिच्या पायीं दुसऱ्या कोणाची शांति खर्ची पडत आहे काय. पडत असल्यास खोलीप्रमाणें तासही वांटून घ्यावे. ज्या दिवशीं घरांतली स्त्रीही तितकाच वेळ दार लावून आपल्या आवडीच्या कामांत बसूं शकेल, आणि दूध घेण्यास तो उठेल, त्या दिवशीं त्याच्या चाकावरचा आमचा हा आक्षेप आम्ही परत घेऊं.

मग या स्वास्थ्यास कांहींच मोल नाहीं काय? तसेंही नाहीं. येथें आम्हांस स्पिनोझाचें स्मरण होतें. ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजानें 1656 सालीं त्यास बहिष्कृत केलें. पुढें तो दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक यांचीं भिंगें घासूं लागला, आणि त्या कौशल्याबद्दल त्याचें नांवही झालें. 1673 सालीं हायडेलबर्ग विद्यापीठानें देऊं केलेलें अध्यापकाचें पद, आपल्या विचारस्वातंत्र्यास बाध येईल म्हणून, त्यानें नाकारलें. चाकापाशीं बसणारा हा मनुष्य जगापासून पळाला नव्हता. त्यानें राज्यव्यवस्थेवर लिहिलें, धर्मग्रंथांची चिकित्सा केली, आणि मनुष्य विकारांचा दास कसा होतो व त्यांतून कसा सुटतो याचें भूमितीच्या पद्धतीनें विवेचन केलें. त्याची शांति त्याच्या खोलींत कोंडलेली राहिली नाहीं. तिच्या बळावर तो जें बोलण्यास इतर भीत होते तें बोलला. आणि त्याचीं भिंगें दुसऱ्यांस अधिक स्पष्ट दिसावें म्हणून होतीं. मात्र 1677 सालीं, वयाच्या 44व्या वर्षीं, तो छातीच्या विकारानेंच गेला, आणि त्या विकारास कांचेच्या धुळीनें हातभार लाविला असावा असा तर्क पुष्कळांनीं केला आहे. म्हणजे तत्त्वज्ञाच्या श्वासासही धूळ सवलत देत नाहीं.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष आम्हांस असा दिसतो. चाकापाशीं मिळणारी शांति हें शील नव्हे. तें भांडवल आहे. भांडवल स्वतः चांगलेंही नसतें आणि वाईटही नसतें. तें कशांत घातलें यावर त्याची किंमत. निवलेलें मन घेऊन मनुष्य चाकावरून उठला, आणि सकाळीं ज्या मुलावर तो ओरडला असता त्याचें म्हणणें त्यानें शेवटपर्यंत ऐकून घेतलें, तर तें भांडवल सत्कारणीं लागलें. ज्या बारकाईनें तो पैलूची कड पाहतो, त्याच बारकाईनें आपल्या हाताखालच्या माणसाचा पगार, शेजाऱ्याची अडचण, वर्तमानपत्रांतली न आवडणारी बातमी पाहूं लागला, तरी तें लागलें. पण त्याची सगळी सूक्ष्म दृष्टि दगडावरच खर्च होऊन माणसांसाठीं कांहींच उरत नसेल, तर तो छंद निर्दोष असेल, परंतु त्यास साधना म्हणूं नये.

आणि खास या छंदापुरतें बोलावयाचें तर आणखी एक कर्तव्य निघतें. ज्यानें स्वतः एक पैलू पाडला आहे, त्यास दुसऱ्यानें पाडलेल्या पैलूमागें काय आहे हें इतरांहून अधिक कळतें. बाजारांतली अकिकाची माळ हातीं घेतल्यावर त्या मण्यांवरची झिलई कोणाच्या छातींतून आली असेल, हा विचार त्यासच प्रथम सुचावयास पाहिजे. कोरड्या चाकावर पाणी सोडणें, धूळ खेंचून नेणारी सोय करणें, रोग झालेल्यास भरपाई देणें, हे उपाय कांहीं गूढ नाहींत. ते महाग पडतात म्हणून राहून जातात. आणि माळ स्वस्त मिळावी असें म्हणणारे आम्ही गिऱ्हाईकच ते महाग पाडतों. रस्किननें केलेला आरोप टाळण्याचा मार्ग रत्नें फेंकून देणें हा नव्हे. तीं ज्या हातांनीं घडतात त्या हातांस आपल्याइतकाच उठण्याचा, थांबण्याचा आणि निरोगी श्वास घेण्याचा हक्क आहे हें मान्य करून, त्याची किंमत मोजण्याची तयारी ठेवणें, हा होय.

मनाची शांति ही एकट्यानें मिळवावयाची वस्तु असेल, पण ती एकट्यानें ठेवून घेण्याची वस्तु नव्हे. ज्यांस ती एखाद्या कोपऱ्यांत, एखाद्या चाकापाशीं, दिवसाकाठीं तासभर मिळते, त्यांनीं ती अवश्य घ्यावी, आणि घेतांना संकोच करूं नये. अशांत मनाचा उपयोग कोणासही होत नाहीं. मात्र ती मिळाल्यावर आपण कोणाचे ऋणी झालों याचा हिशेब ठेवावा, आणि तें ऋण ज्याचें त्यास फेडावें.